पिवळ्या रेषेअलीकडे

सोहारला पहाटे समुद्र दिसत नाही.
गाडीच्या काचेवर मिठाची बारीक खर तेवढी असते,
नखाने खरवडली की निघते.
मोठा खडा असला तर बत्त्याच्या एका ठोक्यात फुटतो,
कडा सरळ, सुरीने कापल्यासारख्या.
आत सोडियम, क्लोरीन, सोडियम, क्लोरीन,
बुद्धिबळाच्या पटावर उभे.
एक रांग एका घराने सरकली
की सारखा सारख्यासमोर येतो
आणि कुणी कुणाचं तोंड बघायला तयार नसतं.

मी प्रयोगशाळेत. माझं काम तोडायचं.
अ‍ॅल्युमिनियमची कांडी दोन जबड्यांत धरायची,
ओढत जायचं, आकडे लिहायचे.
ती लगेच तुटत नाही. आधी लांबते,
मग मध्येच कंबर बारीक होते,
मग अगदी हलका आवाज, कुणी सुपारी फोडावी तसा.
तिच्याही आत रांगा सरकतात,
पण इलेक्ट्रॉन कुणा एकाच्या सातबाऱ्यावर नसतात,
सरकलेल्याला नव्या जागीही पाणी मिळतं.
आई ह्या धातूला जर्मल म्हणायची.
जर्मलच्या पातेल्याला पोचे पडायचे,
चिरा नाहीत.

पलीकडे पॉटरूम. जमिनीवर पिवळी रेषा.
तिच्यापुढे पांढऱ्या भुकटीचा धातू होतो.
भुकटी भारी हट्टी. ऑक्सिजनला अशी धरून बसते
की नुसत्या आचेने वितळवायची तर दोन हजार अंशही अपुरे.
(तिच्यात चिमूटभर क्रोमियम शिरलं तर माणिक होतं,
हे मी खमीसला सांगितलं, तेव्हा तो म्हणाला,
मग आपण चुकीच्या कारखान्यात आहोत.)
इथे ती क्रायोलाइटच्या रसात विरघळवतात
आणि लाखो अँपिअर सोडून
ऑक्सिजनला कार्बनच्या गळ्यात बांधतात.

बाबली तोरसकर तिथे सतरा वर्षं.
नवा पोरगा आला की त्याला रांगेच्या मध्यावर नेऊन
तळहातावर किल्ल्यांचा जुडगा ठेवायचा.
किल्ल्या आपोआप उभ्या राहायच्या,
कोंबड्याच्या तुऱ्यासारख्या.
पोरगा दचकायचा. बाबली हसायचा.
हसताना त्याचा खालचा एक दात नसायचा, दरवर्षी एकच.

रमजानात त्याच्या छातीत मस्कतच्या डॉक्टरांनी
काडेपेटीएवढं यंत्र बसवलं.
आतल्या चुंबकाने ते गोंधळेल,
म्हणून पिवळी रेषा त्याला बंद.
"माका आत येव नको म्हणतत," तो म्हणाला,
जणू घरचंच कुणीतरी म्हणत होतं.
खमीस अल मकबाली दोनदा ऑफिसात भांडून आला.
स्टोअरमध्ये जागा होती. खुर्ची होती, पंखा होता.
पण कागदावर हुद्दा पॉट ऑपरेटर,
आणि हुद्दा बदलला की करार मोडतो.
एकच घर सरकायचं होतं.

गुरुवारी तो प्रयोगशाळेच्या दारात उभा राहिला.
किल्ल्या हातात, लोंबत्या.
म्हणाला, एक कांडी दे, घेऊन जातो.
मी तुटलेल्यांच्या डब्याकडे वळलो.
नको, म्हणाला, तुटलेली नको.
मग जरा थांबून: आणि कोरी पण नको.

मी नवी कांडी लावली. यंत्र सुरू केलं.
तो काट्याकडे नाही, कांडीकडे बघत होता.
कंबर बारीक व्हायला लागली
तेव्हा मी बटण दाबलं.
त्याने ती रुमालात गुंडाळली, गरम नव्हती तरी.

नोंदवहीत काहीतरी लिहिणं भाग होतं.
पेन्सिल घेतली. तिच्यात ग्रॅफाइट,
आडवे थर एकमेकांना जेमतेम धरून,
भाकऱ्यांच्या चवडीसारखे;
दाबलं की वरचा थर सुटतो
आणि कागदावर राहून जातो.
नमुना एकशे बारा.
चाचणी अपूर्ण.
कारणाच्या रकान्यात मी पेन्सिल टेकवली
आणि तिथे एक टिंब उमटलं.