प्रश्न अकरावा

टाम्पेरेच्या त्या जुन्या सार्वजनिक सॉनात
कागद टिकत नाही.
पहिल्याच गुरुवारी माझी प्रश्नावली
वाफेने अशी मऊ पडली
की ‘पूर्णपणे सहमत’ आणि ‘अजिबात नाही’
एकमेकांच्या अंगावर पाझरले.

मग नऊ आकृत्यांचं कार्ड मी प्लास्टिकमध्ये मढवून आणलं.
नऊ बायका, काळ्या सावल्यांच्या,
डावीकडून उजवीकडे, काडीपासून पिंपापर्यंत.
एकीलाही चेहरा नाही,
एकीच्याही गुडघ्यावर सायकलवरून पडल्याचा व्रण नाही.
तुम्ही यातल्या कोणत्या, मी विचारते.
आणि कोणती व्हायला आवडेल?
दोन आकड्यांमधलं अंतर म्हणजे असमाधान,
निदान आमच्या विभागात त्याला असंच म्हणतात.
वजाबाकी मला शाळेपासून जमते.

हिल्का लेह्तोवारा, वय एकाहत्तर,
कापडगिरणीत अडतीस वर्षं मागावर,
सगळ्यात वरच्या फळीवर मांड्या पसरून बसलेली.
तापल्या दगडांवर पळीभर पाणी टाकते,
फुस्कारा विझेपर्यंत बोलत नाही.
मग चष्म्याशिवाय कार्ड नाकाशी नेते:
“पाठ कुणाचीच दिसत नाही यात.
पाठ बघितल्याशिवाय बाईचं काय कळणार?”
मी लिहिते, उत्तर नाही.

शेजारी नात, ऊना, तेरा वर्षांची.
गेल्या वर्षीपर्यंत इथे उघडीच पळायची म्हणे,
बर्चच्या डहाळ्यांची जुडी घेऊन, दिसेल त्याला झोडत.
यंदा टॉवेल काखेपासून गुडघ्यापर्यंत,
गाठ मुठीत.
अंग चोरून बसली आहे,
जणू खरंच ते कुणाचं तरी चोरलंय
आणि मालक कधीही दारात येईल.

एक ते दहा प्रश्न ठरलेले.
फोन किती तास, मासिकं किती,
आई आरशासमोर काय पुटपुटते,
वडील ताटाकडे बघून काय म्हणतात,
शाळेत कुणी वजन मोठ्याने वाचलं का.
ऊना दहाही वेळा ‘माहीत नाही’ म्हणते,
खांद्यांनीच.

अकरावा माझा. मार्गदर्शकांनी दोनदा खोडलेला.
तुमच्या शरीराला पहिलं नाव कुणी ठेवलं?

“सासूनं,” हिल्का लगेच,
“बटाट्याचं पोतं.
लग्नाच्या जेवणात. बटाटेच वाढताना.”
हसते, आणि पोटाच्या तिन्ही वळ्या तिच्याबरोबर हसतात.
मग?
“मग काय. अठ्ठेचाळीस वर्षं झाली,
लोकांच्या घरी बटाटा घेत नाही मी.”
हसणं फळीफळीनं खाली उतरतं,
खालच्या दोघी अनोळखी बायकाही हसतात,
ऊनापाशी येऊन ते थांबतं.

ती पायाच्या नखांकडे बघत सांगते:
“व्हेरानं. पोहण्याच्या तासाला.
वाईट नाही बोलली काही.
म्हणाली, तुझं बरंय गं,
तुला काही फरकच पडत नाही.”

एवढंच.
याला माझ्या तक्त्यात रकाना नाही.
टोमणा म्हणावा तर शब्द स्वच्छ धुतलेले,
कौतुक म्हणावं तर मूठ का आवळलेली.
पेन्सिल हातात तापते.

हिल्का नातीला ‘तू सुंदर आहेस’ म्हणत नाही.
“पाठ घासू?” विचारते.
बराच वेळ फक्त दगड तडकल्याचे आवाज.
मग टॉवेल मागून कमरेपर्यंत उतरतो,
पुढून अजून धरलेला.
पाठ लांब आहे, मणक्याशी एक तीळ.
आकृत्यांमध्ये तीळ नव्हते, हे मला आत्ता सुचतं.

घासता घासता, माझ्याकडे न बघता, हिल्का म्हणते,
“पाच गुरुवार येतेस.
तो पोहायचा पोशाख एकदाही काढला नाहीस.”
संशोधकाला तटस्थ राहावं लागतं, मी म्हणते.
हे वाक्य इतकं अंगवळणी पडलंय
की उच्चारताना पोट आपोआप आत जातं.

“असं होय,” म्हणते ती,
नऊ बायकांच्या कार्डानं वारा घेत,
आणि फळीवर थोडी सरकून
जागा करते.