चौथं बोट

नळी रिकामी. गोळ्या वेगळ्या डब्यात,
डबा पुढे, कुलपाच्या खणात.
बंदूक मागे, घोंगडीत गुंडाळलेली.
आणि परवानेवाला गाडीत हजर.
सुवैलिम अरबाबने हे माझ्याकडून पाठ करून घेतलं होतं,
एकेक बोट मोडत,
चौथ्याला स्वतःच्याच छातीवर टिचकी मारून.

निझव्याहून निघालो, पुतण्याच्या लग्नाला समाईलला.
वरातीत तीन बार काढायचे होते हवेत,
त्यांच्या आजोबांच्या बंदुकीने.
इझकी यायच्या आत अरबाब गप्प झाला.
मग म्हणाला, बशीर, हात जड झालाय.
डावा.

इस्पितळाने चाकांची खुर्ची आणली.
दार आपोआप उघडलं, आपोआप मिटलं.
फोनही त्याच्याच खिशात आत गेला.
गाडीत उरलो मी आणि ती.

परवानेवाला नाही, तर गाडी हलवता येत नाही.
ती मागे टाकून मला आत जाता येत नाही.
खांद्यावर घेऊन गेलो तर
नर्सा काय करतील, ते सांगायला नको.
शेवटी उतरलो, चार हातांवर जाऊन बसलो फुटपाथच्या कडेला:
माझी नाही असं दिसावं,
सोडून दिलेली आहे असंही दिसू नये,
इतकंच अंतर.

मामूची ठासणीची होती, डुकरांसाठी, मंडणगडला.
निवडणूक लागली की ठाण्यात जमा करायला
एसटीने घेऊन जायचा, गोधडीत.
कंडक्टर म्हणायचा, हिचं अर्धं तिकीट काढू का?
अख्खी एसटी हसायची.
पावती मिळाली की मामू ती उशीखाली घेऊन झोपायचा
निकाल लागेपर्यंत.

रात्री एकला पोलीस आला. कोवळा पोरगा,
सूर्यफुलाच्या बिया फोडत.
माझं अरबी त्याने धीराने ऐकून घेतलं.
खणातला परवाना बघितला.
तुझा बताका दे म्हणाला. दिला.
टॉर्चखाली दोन्ही शेजारीशेजारी धरले:
बंदूक कोणाची, माणूस कोणाचा.
नाव एकच.
मला वाटलं हसेल. नाही हसला.
बियांची पुडी माझ्यापुढे केली.

मग घोंगडीसकट तिला घेऊन गेला,
पोराला उचलावं तसं, दोन्ही हातांवर.
मला कागद दिला, शिक्क्याचा.
तो मानेखाली घेऊन मी पुढच्या सीटवर आडवा झालो.

फजरला पुतण्या आला, लग्नाच्या कपड्यांत.
बोलायला लागले, म्हणाला. पहिलं विचारलं, बंदूक?
मी पावती पुढे केली.
त्याने वाचली, घडी घालून खिशात ठेवली
आणि वळला.

गाडी कुठे न्यायची ते कोणी सांगितलं नव्हतं.
किल्ली माझ्याच हातात होती.
चौथं बोट मोडून बघितलं.
बसून राहिलो.