अर्ध्या तासाच्या आत

माझ्या वहीतलं पुणं वेगळं आहे.
त्यात पेठा नाहीत, पूल नाहीत, उपाहारगृहं नाहीत.
फक्त मिनिटं आहेत,
इमर्जन्सीच्या त्या काचेच्या दारापर्यंतची.
पाषाणचा तलाव, एकोणीस.
एम्प्रेस गार्डन, सव्वीस, फुलांचं प्रदर्शन नसेल तर.
तळजाई, अठ्ठावीस, सिग्नलने साथ दिली तर.
सिंहगड मी खोडला आहे,
इतका दाबून, की पानाच्या पाठीवर
बोटाला त्याची चढण लागते.

गुरुवारी सकाळी रक्त जातं.
संध्याकाळी मोबाइलवर आकडा येतो.
पाचशेच्या खाली, घर.
हजाराच्या वर, बाहेर.
मधलंच काही आलं
तर केतकी आणि मी ओट्यापाशी कुजबुजतो,
जागेचा व्यवहार ठरवत असल्यासारखे.

या गुरुवारी आला तेराशे चाळीस.
ऑफिसच्या जिन्यात मी तो दोनदा मोठ्याने वाचला.
वॉचमन म्हणाला, साहेब, लागलं वाटतं काहीतरी?
लागलं, म्हटलं.

वल्लरीला विचारलं, कुठे जायचं?
मोर बघू? बदकं?
ती म्हणाली, म्हशी पाण्यात बसतात तिथे.
असं काही यादीत नव्हतं.

मग शनिवारी एकटाच स्कूटर काढली
आणि म्हशी शोधत नदीच्या कडेने निघालो.
शिवण्याच्या पुढे एक गवळी भेटला.
किती वाजता उतरतात हो पाण्यात?
घ्यायचीय का एखादी?
नाही, बघायचीय.
त्याने मला हेल्मेटपासून बुटांपर्यंत बघून घेतलं.
साडेनऊला या, म्हणाला. आंघोळीला तिकीट नाही आमच्यात.

डॉक्टरबाईंना फोन: माती नको, गर्दी नको,
पाण्याजवळ तर नकोच,
गाडीतून बघा, मास्क लावून.
गाडीतून, म्हणजे हो.
आम्हाला आता "नको"च्या ढिगातून
"हो" निवडून काढता येतो,
तांदळातल्या खड्यांच्या उलट.

पिशवी विहंगने भरली. नऊ वर्षांचा आहे.
थर्मामीटर, उकळलेलं पाणी, जादा मास्क, फाइल,
उलटीची पिशवी, जिला वल्लरी अय्योपिशवी म्हणते,
आणि सगळ्यात खाली, मला दिसू नये म्हणून
टॉवेलात गुंडाळून, स्वतःचा चेंडू.

साडेनऊ. काच अर्धी खाली.
दहा आणि एक म्हशी, तिने मोजल्या.
एकीच्या पाठीवर बगळा,
तिच्या मते तो ड्रायव्हर.
टोपी काढू? तिने विचारलं. केतकीने माझ्याकडे बघितलं.
काढ.

म्हशींनी तिच्याकडे बघितलं नाही.
लिफ्टमध्ये बघतात, मेडिकलच्या रांगेत बघतात,
आधी तिच्या डोक्याकडे, मग तिच्या आईकडे,
आणि मग आवाज उतरवून विचारतात.
या नुसत्या बसल्या होत्या,
नाकं तेवढी वर,
चिखलात, आपल्याच वजनावर खूश.

बावीस मिनिटं टिकली ती.
मग डोकं केतकीच्या दंडाला लागलं.
गाडीमागे विहंग एकटाच चेंडू आपटत होता,
आवाज होऊ नये इतका हळू.
टाक इकडे, म्हटलं.
आठ झेल घेतले आम्ही. नववा सुटला,
उतारावरून नदीकडे गेला.
जाऊ दे बाबा, तो म्हणाला,
आणि माझ्याआधी गाडीत जाऊन बसला.

त्या पुढच्या गुरुवारी आकडा दोनशे दहा.
वल्लरी दिवसभर चादर पाठीवर घेऊन पालथी,
हलू नका, म्हणे, बगळा उडेल.

रात्री मी वही काढली.
शिवणे, म्हशी: एकतीस मिनिटं.
आमचा नियम तीसचा.
केतकीने चष्मा लावून वाचलं,
पेन माझ्या हातातून घेतलं,
आणि खोडलं नाही.
पुढे लिहिलं: नवा चेंडू.