अहवालाचा सातवा रकाना

काणकोणच्या कार्यालयातून पुन्हा फोन:
मॅडम, फिनलंडचा अहवाल. सगळ्यांचे आले, तुमचाच राहिला.

सहा रकाने भरलेत मी.
तारखा. भेट दिलेल्या शाळा, तीन. पटसंख्या.
खर्चाच्या पावत्या, त्यातली बसची सापडत नाही,
त्या उसन्या हातमोज्यातच राहिली असणार.
सातवा रकाना: काय शिकलात, पन्नास शब्दांत.

तांपेरेच्या एका बालवाडीत आर्तू नावाचा मुलगा
बाहेर जायला अंगभर डगला चढवत होता.
उणे नऊ. चेन अर्ध्यावर अडकली.
मी उठलेच.
एकवीस वर्षांची सवय हाताला,
मूल अडलं की पुढे होण्याची.
त्यांच्या बाईंनी माझ्याकडे नुसतं बघितलं.
मी बसले.
इत्से, आर्तू म्हणाला.
दुभाष्यानं सांगितलं, म्हणजे: मीच.
अकरा मिनिटं. समोर घड्याळ होतं म्हणून कळलं.
बाई सगळा वेळ मांडीवर हात ठेवून,
चुलीवर दूध असावं
आणि ते उतू जाणार नाही हे ठाऊक असावं, तशा.

वाचायला कधी लावता, मी विचारलं.
सातव्या वर्षी. किंवा त्याला वाटेल तेव्हा.
आमच्यातल्या फोंड्याच्या सरांनी वहीत लिहिलं: सात.
खाली दोन रेघा मारल्या.
'किंवा' कुणीच उतरवून घेतलं नाही.

गावडोंगरीत चतुर्थी उंबऱ्यावर आलेली.
तुळशीदास वेळीपची आई शाळेच्या पायरीवर:
सहा सरली बाई, ह्याला अजून 'कमळ' वाचता येत नाही.
मडगावचा भाचा इंग्रजीत कविता म्हणतो.
तुम्ही विमानानं जाऊन काय आणलंत?
काळ्या खारट गोळ्या आणल्या होत्या.
मुलांनी थुंकून टाकल्या.

मग त्यांच्या घरी माटोळी बांधताना बघितलं ह्याला.
कांगलं, माट्टुळी, घागऱ्या, आंबाडे, फागलं,
सत्तावीस मोजली मी, पुढची माझ्याच ओळखीची नव्हती.
कुठलं कडू, कुठलं माकड आधी खातं,
कुठल्यासाठी आजोबा पहाटे डोंगरात नेतो.
हे कुठल्या रकान्यात?

माझी शाल्मली वीस वर्षांची, पुण्यात असते.
काल रात्री फोन: आई, भाड्याच्या करारावर सही नेमकी कुठे करू?
तिचा पहिला 'श' मी काढून घेतला होता
माझ्या मुठीत तिची मूठ धरून.
सगळ्या वर्गात सुंदर अक्षर होतं.
माझं होतं.

शेवटचा आंबाड्याचा घोस तुळशीदासलाच बांधायचा होता.
स्टुलावर चढला, केवणीची दोरी दातात धरून.
गाठ सुटली. आंबाडा माझ्या पायाशी.
पुन्हा सुटली.
दिवा लावायचा खोळंबला होता,
बाई, तुम्ही तरी बांधून द्या हो, आई म्हणाली.
माझा हात निघालाच होता.
हांवूंच, तो दोरी न सोडताच म्हणाला,
त्यामुळे नीट ऐकू आलं नाही.

मी दोन्ही हात मांडीखाली घेतले.
तिथे ते हळूहळू बधिर होत गेले.