स्थळप्रत

एकतीस वर्षं मी एकच मजकूर लिहिला.
नाव, धर्म, जात, जन्मस्थळ,
प्रगती समाधानकारक, वर्तणूक चांगली.
वर्तणूक सगळ्यांचीच चांगली लिहिली,
लहानू पेखळेचीसुद्धा,
ज्यानं दुसाने सरांच्या सायकलची दोन्ही चाकं
जेलरोडच्या भंगारवाल्याला विकली होती.

उपनगर नाक्यामागं
लष्करानं टाकून दिलेल्या दोन बराकींत
शाळा भरायला लागली, तेव्हा मी जन्मलो नव्हतो.
ऐकून आहे, की पहिल्या वर्षी हजेरीला
कोणी हजर म्हणायचं, कोणी हाजिर,
आणि कॅम्पातली सिंधी पोरं नुसतीच उभी राहायची.
बाकं कारागृहातून आली.
प्रत्येक फळीखाली, करणाऱ्या कैद्याचा नंबर.
गणिताच्या तासाला पोरं तो बोटानं चाचपायची,
परीक्षेला भांडायची:
चारशे सतरावर मी बसणार,
चारशे सतरावर बसलेला नापास होत नाही.

घंटा होती, पण तिला कोणी विचारत नव्हतं.
प्रेसचा भोंगा झाला की मधली सुट्टी.
काहींचे बाप त्या भिंतीआड नोटा छापायचे
आणि पोरं वहीच्या पुठ्ठ्यापर्यंत लिहीत जायची.
एकलहऱ्याची राख वाऱ्यासोबत आत यायची.
सुट्टीवरून परत यावं, तर बाकावर
बोटानं नाव लिहिता येईल,
इतकी.

पटावर सहाशे चाळीस होते तेव्हा दोन पाळ्या.
मग नाक्यावर पिवळ्या बस थांबू लागल्या.
झाड शेंड्याकडून वाळतं,
शाळा बुडातून वाळली: आधी पाचवी, मग सहावी.
कुंभात महिनाभर बाहेरगावचे पोलीस उतरले,
त्यांच्या ड्यूटीचा तक्ता फळ्यावर तसाच राहिला.
पुसायला ओलं फडकं होतं, पोरं नव्हती.
सव्वीस. अकरा. शेवटी दहावीत चौघं.
त्या वर्षी सहल पांडवलेणीला गेली,
दोन रिक्षांत.

आदेशात 'बंद' हा शब्द कुठंच नव्हता.
'समायोजन' होता.
वाघचौरे मॅडम सिन्नरला समायोजित झाल्या,
शिपाई गांगुर्डे निवृत्तीत,
आणि बाकांपुढं, जडसंग्रहाच्या वहीत,
मला लिहायला सांगितलं: निर्लेखित.
चारशे सतरासुद्धा. मी लिहिलं.

लोक अजून येतात.
परवा मंदा निरभवणे आली, चष्मा कपाळावर,
भाच्याच्या जात पडताळणीला आत्याचा दाखला हवा.
म्हटलं, रजिस्टरं गोदामात गेली बाई.
जन्मतारीख तरी सांगा.
एक जून, म्हणाली, आणि दोघंही हसलो.
घरात कॅलेंडर नव्हतं त्या सगळ्यांना
पहिलीच्या गुरुजींनी एकाच दिवशी जन्म दिला होता.

दाखल्यांच्या शेवटच्या पुस्तकात एक पान कोरं होतं.
किल्ली जमा करायच्या आदल्या संध्याकाळी ते भरलं.
विद्यार्थ्याचे नाव: शासकीय माध्यमिक विद्यालय, उपनगर.
आईचे नाव. हा रकाना फार उशिरा आला.
बराच वेळ पेन तिथंच टेकून राहिलं, शाईचा ठिपका पडला,
मग लिहिलं, जनाबाई कटारे.
अकरा वर्षं खिचडी शिजवली तिनं.
मस्टरवर तिची सही म्हणजे निळा अंगठा.
जन्मतारीख अक्षरी: एक जून.
शाळा सोडल्याचे कारण: पालकांच्या अर्जावरून.
कोणते पालक, ते लिहायला
त्या ओळीत जागा नसते.
वर्तणूक चांगली.

कार्बन नीट उमटला.
स्थळप्रत नियमाप्रमाणं पुस्तकात ठेवली.
मूळ प्रत माझ्या शर्टाच्या खिशात आहे.
ज्याला हवी त्यानं यावं, घर जवळच आहे.
ओळखपत्र नसलं तरी चालेल,
बाकाचा नंबर सांगावा.