वीस मिनिटं

दोन रात्री, तीन दिवस, न्याहारीसकट,
गंधकाच्या पाण्यात चार बैठका, एक चिखललेप.
निवृत्त शिक्षिकांना पंधरा टक्के सूट.
गुडघ्यासाठी चालले, असं मी सगळ्यांना सांगितलं.

बाल्फला बसमधून उतरले
तर हवेला उकडलेल्या अंड्याचा वास,
आणि द्राक्षमळ्यांच्या उताराखाली
फेर्तो तळं दिसेचना. नुसतं बोरूचं रान,
पिवळं, दूरवर, आपसात कुजबुजणारं.
पाणी आत आहे, ड्रायव्हर म्हणाला,
साहेब आत आहेत म्हणावं तसं.

सकाळी भाड्याची सायकल घेतली.
गुडघ्याने विचारलं, वेड लागलंय का.
कुंपण होतं तिथून आता सायकलींची वाट जाते.
टेहळणीचा एक मनोरा राखलाय आठवणीपुरता,
फलकावर तीन भाषा आणि चिमण्यांची शिट,
वर चढायला मनाई: पायऱ्या कुजल्यात.
एका पोराने बापाला विचारलं, इथून काय बघायचे?
बाप म्हणाला, पक्षी.
पस्तीस वर्षं चुकीच्या उत्तराखाली लाल रेघ मारली.
आज सुट्टी.

थोडं पुढे खिशातला फोन थरथरला:
ऑस्ट्रियात आपलं स्वागत आहे.
सायकल वळवली.
हंगेरीत आपलं स्वागत आहे.
चार वेळा गेले-आले, वेड्यासारखी,
बोरूत एक चमचा पक्षी चोच हलवत चिखल चाळत होता,
त्याचं कशातच लक्ष नव्हतं.

हेच अंतर लोरांतने एका रात्रीत कापलं,
ऑक्टोबर त्र्याऐंशी, छातीइतक्या पाण्यातून,
डोक्यावर बूट बांधून.
सकाळी माझ्या वर्गात दोन माणसं आली, टोपी न काढता.
मग माझी बदली, खाणीकडच्या शाळेला,
मग आई, जी पत्र आलं की आधी पाकीट हुंगायची.
तो ग्रात्समध्ये न्हाणीघराच्या फरश्या विकतो आता.
रविवारी फोन करतो, हवामान विचारतो.
मी सांगते. नेहमी थोडं वाईट करूनच सांगते.

दुपारी बैठक.
वेंडेल नावाचा माणूस, साठीचा, पांढरी चप्पल,
वाळूचं घड्याळ उलटं करतो, बजावतो:
इल्माबाई, वीस मिनिटं. जास्त नाही. हृदयाला झेपत नाही.
पाणी दुधाळ, खांद्यापर्यंत.
वाफेत माणसं बोलतात. तोही बोलला:
शिपाई होतो मी, सक्तीची भरती, त्या मनोऱ्यावर.
तारेला हरीण लागलं तरी घंटा वाजायची,
वारा आला तरी. रात्रीतून दहादा पळायचं,
आणि बोरूत बघावं तर बदक.
पुढे पुढे मी उठेनासा झालो.
कधी? मी विचारलं.
त्र्याऐंशीचा पावसाळी हंगाम, तो म्हणाला,
घंटा वाजायची, मी कूस बदलायचो.
कुणाला सांगितलं नाही कधी. झोपाळूपणाच तो,
त्याला चांगुलपणा म्हणू नका.

मी काहीच म्हटलं नाही.
महिना विचारावा, असं जिभेवर आलं होतं.
जिभेवर गंधकाची चव होती.
घड्याळात चिमूटभर वाळू उरलेली,
आणि माझ्या अंगात, कितीक वर्षांनी,
एकही स्नायू पहाऱ्यावर नव्हता.

चिखललेपानंतर त्याने चादर गुंडाळली,
पडदा ओढला.
झोपले.
जाग आली तेव्हा वाळू केव्हाच संपलेली,
भिंतीवरच्या घड्याळात पन्नास मिनिटं उलटलेली,
आणि वेंडेल माझ्याकडे पाठ करून
टॉवेलांच्या घड्या घालत होता,
झालेल्या घड्या पुन्हा मोडून.

संध्याकाळी लाकडी धक्क्याच्या टोकाशी गेले.
साहेब होते आत: राखाडी, उथळ, अफाट,
पलीकडच्या काठाला दिवे लागलेले.
लोरांतला लिहिलं: इथलं पाणी गरम आहे.
वास भयंकर. हवा छान.
पुढच्या खेपेला दोघांसाठी खोली घेते.

उत्तर लगेच आलं, फरशीवाल्याचं:
ती पंधरा टक्के सूट
मला पण मिळेल का?