दुरुस्ती अर्ज

म्हापशात शुक्रवारी इस्पितळातही बाजार भरतो.
मिरच्यांच्या पिशव्या पायांशी ठेवून
माणसं गुडघे, साखर, छाती दाखवून जातात.
माझ्या काउंटरला खिडक्या दोन :
गोंयकार. भायले.
ती दोहोंच्या मधे उभी होती, पोट धरून.

नाव विचारलं. होरमिला, म्हणाली.
कानांनी ऐकलं ते ऊर्मिला,
डोळ्यांनी पाहिलं ते चीन.
हातानं दोन्ही लिहिलं.
उखरूल, मणिपूर, असं ती सांगेपर्यंत
राष्ट्रीयत्वाच्या रकान्यात 'फॉरेनर' लिहून झालं होतं,
तांबड्या शाईत. फॉरेनरांना आमच्याकडे तांबडी शाई असते.
पासपोर्ट आण, म्हटलं, तोवर बाकावर बस.

बाकावर शिवोलीची एक बाई होती.
तिनं नाकाला रुमाल लावला आणि सरकली.
करोना जाऊन किती वर्षं झाली,
रुमालाला कुणी सांगितलं नव्हतं.

डॉक्टरांना तिनं कोंकणीत सांगितलं,
"पोटांत दुखता म्हाका, काल रातीसावन."
कळंगुटच्या पार्लरात सात वर्षं
लोकांच्या टाचा घासता घासता शिकलेली कोंकणी,
थोडी बार्देशी, स्वच्छ.
उत्तर आलं इंग्रजीत.
मग हिंदीत : कसलं पार्लर? मसाज? रात्रीचं पण?
आणि चिठ्ठीवर तिला न विचारता
भलत्याच रोगाची रक्ततपासणी.
पोटावर हात कुणी ठेवला नाही.
दार उघडं होतं, म्हणून मला ठाऊक.

ती परत खिडकीशी आली. आधार कार्ड दाखवलं.
मी न बघता म्हटलं, थांब.
दिवसातून शंभरदा म्हणते मी थांब.
तो एकच शब्द
कुणाला दहा मिनिटं होतो,
कुणाला सहा तास.

संध्याकाळी सातला अपेंडिक्स फुटलं, त्याच बाकाशी.
मग सगळे धावले, हेही लिहायला हवं.
रात्रपाळीचा सर्जन चांगला होता.
सगुण वॉर्डबॉयनं स्ट्रेचर इतकं जोरात ढकललं
की माझ्या टेबलावरचा चहा सांडला.

एकवीस दिवसांनी आली.
ड्रेस खांद्यांवरून ओघळत होता.
विम्याचे पैसे अडले होते :
कार्डावर होरमिला, केसपेपरवर ऊर्मिला.
मी म्हटलं, प्रतिज्ञापत्र लागेल,
शंभराच्या स्टँपपेपरवर,
की तू ती तूच म्हणून.

ती चिडली नाही. हसलीही नाही.
"बाय, तुजें नांव कितें?"
प्रेमावती, मी म्हटलं.
तिनं दोनदा हळूच म्हणून पाहिलं,
मग विचारलं, बरोबर म्हटलं ना?

पेडण्याहून येते मी, सव्वीस वर्षं नोकरी.
खिडकीपलीकडून मला हे कधी कुणी विचारलं नव्हतं.
मीही कुणाला नाही.

रजिस्टर काढलं.
नियम असा : गिरवायचं नाही, पांढरी शाई लावायची नाही.
खोडायचं तर एकच रेघ,
खालचं अक्षर वाचता आलं पाहिजे,
आणि बाजूला लिहिणाऱ्याची सही.

रेघ मारली.
वर होरमिला लिहिलं, तिला दाखवून.
फॉरेनर अजून दिसतं, तांबडं.
शेजारी माझी सही आहे.
तीही वाचता येते.